मालकाच्या भाषेत

खात्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. हुद्द्याने ती उपनिरीक्षक होती आणि शाळेत शिकवण्याशी तिचा कधी संबंध आला नव्हता. पण दुसऱ्याच्या जबाबात शुद्धलेखनाची चूक दिसली की तिचा हात आपोआप पेनाकडे जायचा. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. निनावी पत्रं, धमक्या, खंडणीच्या चिठ्ठ्या आल्या की त्या तिच्याकडे पाठवल्या जात. हा माणूस 'आणि' लिहीत नाही, 'अन्' लिहितो. हा चिडला की स्वल्पविराम सोडून देतो. ही चिठ्ठी दोघांनी मिळून लिहिलीय, वरचा भाग बाईचा, खालचा पुरुषाचा. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

म्हणून तळघराचा मालक पकडला गेला तेव्हा साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

तळघर हा डार्क वेबवरचा एक बाजार होता. नेहमीच्या इंटरनेटवरून तिथे जाता येत नसे, वेगळं सॉफ्टवेअर लागे, आणि आत गेल्यावर कुणाचा ठावठिकाणा कुणाला कळत नसे. बाकी सगळं कुठल्याही ऑनलाइन दुकानासारखंच. मालाचे फोटो, गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, 'पार्सल वेळेत आलं, पॅकिंग उत्तम' असे शेरे. फक्त माल चोरीच्या कार्डांचा, खोट्या ओळखपत्रांचा, आणि सगळ्यात जास्त दुखण्यावरच्या आणि नशेच्या गोळ्यांचा. हा बाजार चालवणारा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. पोलीस आत शिरले तेव्हा तो माशांच्या टाकीतलं पाणी बदलत होता. शेजाऱ्यांना वाटायचं, घरून भाषांतरं वगैरे करतो. त्याने फारशी खळखळ केली नाही. सगळे पासवर्ड सांगितले आणि एवढंच विचारलं, की माशांना आता कोण खायला घालणार.

साहेबांनी अटकेची बातमी बाहेर फुटू दिली नाही. दुकान बंद करायचं नाही, उलट चालू ठेवायचं आणि गादीवर आपण बसायचं, असा त्यांचा बेत होता.

"आज बंद केलं तर उद्या हेच लोक दुसरीकडे दुकान मांडतील," ते म्हणाले. "महिनाभर आपण चालवू. विक्रेते कोण, गिऱ्हाईक कोण, पार्सलं कुठून निघतात, सगळं आपसूक हातात येईल. मग एकदम जाळं ओढायचं."

"आणि त्या महिन्यात जो माल जाईल तो?" मास्तरीणबाईने विचारलं.

"तो तसाही जाणारच होता."

पुढे बोलायला जागाच राहू नये, अशी उत्तरं साहेबांना चटकन सुचत. माणूस वाईट नव्हता. हाताखालच्या एका शिपायाच्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा ते दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले होते, आणि त्याचा कधी उल्लेखही केला नव्हता. त्यामुळे त्यांनी 'होईल ते माझ्यावर' म्हटलं, की लोक विश्वास ठेवत. तिनेही ठेवला.

कामाला खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. पूर्वी तिथे जप्त केलेल्या सायकली ठेवत. खिडक्यांना आतून कागद लावले होते आणि एसीतून गळणाऱ्या पाण्याखाली निळी बादली. खोलीत दोघंच बसायची. दुसरा होता तांत्रिक विभागातला कर्मचारी, टक्कल पडलेला, मितभाषी. कुठेही गेला की आधी खाली वाकून वायरी बघायचा म्हणून त्याला वायरमन म्हणत. त्याने तळघराच्या यंत्रणेत एक छोटासा बदल करून ठेवला. गिऱ्हाइकाने पत्ता टाकला की तो कुलूपबंद होऊन फक्त विक्रेत्यालाच दिसावा, अशी तिथली सोय होती. आता कुलूप लागण्याआधी त्याची एक प्रत पोलिसांकडे येऊ लागली. कुणाला ताकास तूर लागली नाही.

मास्तरीणबाईचं काम म्हणजे मालक होणं. तिने त्याचे जुने निरोप वाचून काढले. तो सगळ्यांना भाऊ म्हणायचा. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही. माफी मागायची नाही, आभार मानायचे नाहीत. कुणी तक्रार केली की 'बघतो भाऊ' आणि विषय संपला. फार कटकट करणाऱ्याचं खातं बंद करताना 'चहा घे' असं लिहायचा. ते कशासाठी, हे विचारायला ती कोठडीत जाऊन त्याला भेटली.

"काही नाही," तो म्हणाला. "आईची सवय. कुणाला घरातून घालवायचं असलं की ती आधी चहा विचारायची." मग तिने नमुन्यादाखल लिहिलेली उत्तरं त्याने चष्मा वर करून वाचली. "जमलंय. पण एक सांगू का? तुम्ही समोरच्याचं पूर्ण वाचून मग लिहिलंय. मी कुणाचंच पूर्ण वाचत नव्हतो. पहिली ओळ बघायची आणि ठोकून द्यायचं. तुम्ही वाचत बसाल आणि तिथेच फसाल."

ती फसली नाही. आठवडाभरात ती इतकी सराईत झाली की जुन्या विक्रेत्यांनाही शंका आली नाही. भांडणं सोडवली, दोन लबाडांना चहा पाजला, नवे नियम लावले. घरी एकदा जेवताना नवऱ्याने गिझर बिघडल्याचं सांगितलं तर ती म्हणाली, "बघतो भाऊ." नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणारा माणूस, त्याला हसायला निमित्तच हवं असे. "बघतो? कधीपासून?" म्हणत तो पोट धरून हसला. तिचे बाबाही हसले. बाबा आयुष्यभर ट्रक चालवून थकलेले, कमरेचा मणका सरकलेला, लेकीकडेच राहायचे. तीही हसली, पण ताटावरून उठल्यावर आरशासमोर जरा वेळ थांबली.

त्यानंतर पाठदुखीचा निरोप आला.

पाठदुखी हे गिऱ्हाइकाचं तळघरातलं नाव. असली नावं तिथे फार नसत. लोक वाघ, सम्राट, यमदूत अशी नावं घेत. याने सरळ आपलं दुखणंच लिहून टाकलं होतं.

'मालक, तुमचा वेळ घेतो,' त्याने लिहिलं होतं. 'माझी बेकरी आहे. दिवसभर उभ्याचं काम. पिठाची गोणी उचलताना पाठ गेली ती गेलीच. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, दुखणं मात्र बंद झालं नाही. मी डॉक्टरकाका या विक्रेत्याकडून घेतो, आजवर कधी त्रास नाही. या वेळच्या गोळ्यांचा रंग तोच आहे, पण कडा भुसभुशीत आहेत, बोटाला पावडर लागते. एक घेतली तर दुपारपर्यंत जाग आली नाही. बायको घाबरली. काका उत्तर देत नाहीत. मला भांडायचं नाही, पैसेही परत नकोत. फक्त कुणीतरी बघा. दुसरं कुणी घेतलं तर काय, असं वाटलं.'

मालकाने पहिली ओळ वाचून सोडून दिलं असतं. तिने सगळं वाचलं, दोनदा. बाबा कुशीवर वळताना ओठ कसे दाबतात हे ती रोज बघत होती. तिने डॉक्टरकाकाच्या पानावरचे शेरे खाली खाली जाऊन पाहिले. तशाच तक्रारी आणखी होत्या. 'फार जड,' 'जपून घ्या,' 'मित्राला दवाखान्यात न्यावं लागलं.' तिने उत्तराचा मजकूर तयार केला आणि साहेबांना दाखवायला खाली गेली, कारण मालकाच्या नावाने जाणारा प्रत्येक निरोप आधी साहेबांनी बघायचा असं ठरलं होतं.

'त्या गोळ्या घेऊ नकोस भाऊ, माल खराब आहे, फेकून दे,' असं तिने लिहिलं होतं.

साहेबांनी वाचलं. "मालक असं लिहील?"

"नाही."

"मग? तक्रारीचं उत्तर विक्रेत्यालाही दिसतं ना?"

"दिसतं."

"म्हणजे डॉक्टरकाकाला दिसणार, की मालक स्वतःच त्याच्या मालाला खराब म्हणतोय. जो मालक आजवर त्याच्या बाजूने उभा राहिला तो. तो त्याच क्षणी गाशा गुंडाळेल. बाई, या सगळ्या खटाटोपात तोच एक मोठा मासा आहे. अजून त्याचं गुदाम सापडलेलं नाही."

"साहेब, या माणसाचा पत्ता आपल्याकडे आहे. जवळच्या चौकीतून कुणीतरी जाऊन सांगेल. बेकरीत गिऱ्हाईक म्हणून जाईल हवं तर."

"आणि तो आत येऊन लिहील की पोलिसांना माझा पत्ता कळलाय. संपलं." साहेबांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. आवाज चढवला नाही. "तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? एका माणसासाठी थांबलो तर उरलेले शेकडो तसेच राहतात. वर परवानगी मागायची तर मागा. मी अडवणार नाही."

तिने वर अर्ज केला. धोका काय, किती तक्रारी, काय करता येईल, सगळं मुद्देसूद लिहिलं. अर्जावर पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. पाठदुखीचा निरोप तसाच पडून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः खोलीत आले. वायरमन त्याच्या टेबलाशी होता.

"मालक इतका वेळ गप्प बसत नाही," साहेब म्हणाले. "लिहा. बघतो भाऊ. तोवर अर्धी घेऊन बघ."

"साहेब, अर्धी घे असं कसं सांगायचं?"

"एक घेऊन तो झोपला. अर्धी सांगतोय, कमीच सांगतोय. आणि असं मालकाने पूर्वी लिहिलंय, तुम्हीच मला दाखवलंत. होईल ते माझ्यावर."

तिने लिहिलं. सवयीने शेवटी पूर्णविराम पडला होता, तो तिने पुसला, कारण मालक पूर्णविराम देत नसे. मग पाठवलं. थोड्याच वेळात उत्तर आलं. 'धन्यवाद मालक. तुम्ही निदान उत्तर तरी देता.'

महिना संपताना जाळं ओढलं गेलं. डॉक्टरकाका सापडला. साबणाची पावडर भरायच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये तो गोळ्या पाडायचा, आणि डॉक्टरकीशी त्याचा संबंध एवढाच की बहीण नर्स होती. विक्रेते भराभर उचलले गेले. साहेबांनी पत्रकार बोलावले. टेबलावर माइकची गर्दी, मागे मोठा पडदा. "महिनाभर गुन्हेगार ज्याला मालक समजत होते, ते आम्ही होतो," ते म्हणाले, आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी तेच वाक्य मथळ्यात घेतलं. मास्तरीणबाईचं नाव कुठे आलं नाही, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. खात्यात पाठ थोपटायला लोक येत होते. वायरमनने सगळ्यांना पेढ्यांऐवजी आइस्क्रीम वाटलं.

मग किरकोळ गिऱ्हाइकांना घरी जाऊन समज द्यायचं काम निघालं. पत्ते वाटले गेले. बेकरीचा पत्ता तिने मागून घेतला.

बेकरीचं शटर अर्धं खाली होतं. वरच्या घराचा जिना बाजूने होता. दार उघडणाऱ्या बाईच्या हाताला कोपरापर्यंत पीठ होतं, पण ते कोरडं, जुनं वाटत होतं. पिठाचं कपाट पुसत असावी. मास्तरीणबाईने ओळखपत्र दाखवलं आणि नवऱ्याचं नाव घेऊन विचारलं, कधी येतील.

"गेला तो," बाई म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही? तुमचेच लोक आले होते पंचनाम्याला."

ती आत बसली. बाई बोलत राहिली, आवाजात काही चढउतार नव्हता. सकाळी खाली गेली तर तो पिठाच्या गोण्यांना टेकून बसलेला. कणीक मळायचं मशीन चालूच होतं, कणीक भांड्याबाहेर येऊन जमिनीवर पडत होती. तिला वाटलं डोळा लागला असेल. आधी मशीन बंद केलं, मग त्याला हाक मारली. "आधी मशीन बंद केलं," ती पुन्हा म्हणाली. खिशात अर्धी गोळी होती. दुसरी अर्धी त्याने घेतली होती.

तारीख मास्तरीणबाईने विचारली. तिचा अर्ज वर पडून होता तेव्हाचीच होती.

बाईने त्याचा लॅपटॉप आणून समोर ठेवला. तो बंद न करता गेला होता, आणि तिने पडदा बंद होऊ दिला नव्हता. पानाचा फोटोही काढून ठेवला होता. "हे बघा. त्याने कुणाला तरी विचारलं होतं. तो म्हणाला अर्धी घे. हा मालक कोण? याला पकडलंत का?"

"पकडलंय," मास्तरीणबाई म्हणाली. ते खोटं नव्हतं. जबाब लिहून घेतला, सही घेतली, आणि जिना उतरली.

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. बाबांच्या गोळ्यांची पट्टी उचलून ती कडा चाचपून बघायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "दुकानातून आणल्यात, पावती आहे." तिने पट्टी जागेवर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात बेकरीवाली बाई कचेरीत आली. हातात वर्तमानपत्राचं कात्रण आणि तो फोटो. साहेबांनी तिला बसवलं, पाणी मागवलं. मास्तरीणबाई जबाब घेणारी म्हणून हजर होती.

"यात लिहिलंय, मालकाला या तारखेला पकडलं," बाई म्हणाली. "आणि हा निरोप त्याच्या नंतरचा आहे. पंधरवड्यानंतरचा. तो तुमच्या कोठडीत होता तर हे कुणी लिहिलं?"

साहेबांनी कात्रण पाहिलं, फोटो पाहिला. "ताई, तुमच्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे. पण कारवाईचा तपशील गोपनीय असतो. शिवाय तळघरात बरेच लोक मालकाच्या नावाने लिहायचे."

"तुम्ही इथे म्हणालात की महिनाभर मालक आम्ही होतो."

"ते पत्रकारांना सोपं करून सांगितलेलं असतं."

बाईने आणखी वाद घातला नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि उठली. साहेब दारापर्यंत गेले, शिपायाला रिक्षा बघून द्यायला सांगितलं. मागे वळून ते मास्तरीणबाईला म्हणाले, "या बाईशी आता तुम्ही बोलू नका. वकील गाठेल ती."

मास्तरीणबाई जागेवर जाऊन बसली. फाईल उघडली, मिटली. मग उठून जिन्याने खाली गेली. बाईने रिक्षा घेतली नव्हती. फाटकापलीकडे बसथांब्याच्या बाकावर बसली होती.

"तो निरोप मी लिहिला," मास्तरीणबाई उभ्याउभ्याच म्हणाली.

बाईने वर पाहिलं. एक बस आली, थांबली, गेली.

"तुमच्या मनाने?"

"शब्द साहेबांचे. हात माझा. मी आधी वेगळं लिहिलं होतं, गोळी घेऊ नको म्हणून. ते त्यांनी जाऊ दिलं नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"माझ्या घरी येऊन बसलात, पाणी प्यायलात. तेव्हा म्हणालात पकडलंय."

"हो."

बाईच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, मास्तरीणबाई त्याचीच वाट बघत होती. तो आला नाही. बाई एखाद्या वस्तूकडे बघावं तशी तिच्याकडे बघत होती. "आता मला का सांगताय? मोकळं वाटावं म्हणून?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मग हे लिहून द्या," बाई म्हणाली. "इथे रस्त्यावर सांगून मला काय उपयोग?"

मास्तरीणबाईने लिहून दिलं. त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो प्रथमच हसण्यावारी नेऊ शकला नाही. "खरं सांगितलंस ते बरोबर केलंस," तो म्हणाला. "पण इतके दिवस माझ्या शेजारी झोपत होतीस, आणि पहिल्यांदा सांगितलंस ते रस्त्यावर एका परक्या बाईला." ती गोष्ट दोघांमध्ये राहिली. पुढे गिझर दुरुस्त झाला, जेवणं झाली, गप्पाही झाल्या, पण ती गोष्ट राहिलीच.

चौकशी समिती बसली. तीन सदस्य, लांब टेबल, पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. निरोप मास्तरीणबाईच्या संगणकावरून गेला होता, याची नोंद होती. तो साहेबांनी सांगितला होता, याची नव्हती. बोललेल्या शब्दाची नोंद कोण ठेवणार? साहेबांनी सांगितलं की आपण सर्वसाधारण सूचना देत होतो, प्रत्येक निरोपाचा नेमका मजकूर आठवत नाही. त्यांनी तिच्यावर खापर फोडलं नाही. तिच्याबद्दल चांगलंच बोलले, अत्यंत मेहनती अधिकारी, कामाचा ताण फार होता, म्हणाले. त्या चांगलं बोलण्यानेच तिचं नुकसान झालं.

वायरमनला बोलावलं. तो खोलीत होता, त्याने ऐकलं असणार.

"मी हेडफोन लावले होते," तो म्हणाला.

त्याला सरकारी घर होतं, दोन मुलं होती, मोठीची कॉलेजची प्रवेशपरीक्षा जवळ आली होती. बाहेर बोळात तो तिच्याशी काही बोलणार असा उभा राहिला, मग वाकून भिंतीलगतच्या वायरी बघायला लागला.

तिला भरवसा होता तो अर्जावर. पोच होती, तारीख होती. समितीने तो वाचला, आणि अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे गोळ्या जीवघेण्या असू शकतात हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो. म्हणून तर अर्ज केला."

"आणि माहीत असूनही दुसऱ्या दिवशी हा निरोप तुम्ही पाठवलात."

अर्जाला उत्तर का दिलं गेलं नाही, हा प्रश्न समितीच्या कक्षेत नव्हता. अहवालात कारवाईची पद्धत कायदेशीर ठरली. निरोपाची भाषा 'अनवधानाने अनुचित' ठरली. आणि गोपनीय माहिती बाहेर दिल्याबद्दल मास्तरीणबाईवर ठपका आला. वेतनवाढ थांबली, बदली झाली ती हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. दिवसभर लोक यायचे. छत्री हरवली, पाकीट हरवलं, कागदपत्रांची पिशवी हरवली. ती दाखले लिहून द्यायची, शुद्ध लिहायची.

साहेबांना बढती मिळाली. निरोपसमारंभानंतर ते खास तिच्या खिडकीपाशी आले. "तुम्ही मला सांगून गेला असतात तर मी काहीतरी मार्ग काढला असता," ते म्हणाले. डोळ्यांत खरंच वाईट वाटल्याचा भाव होता. काढला असता, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणूनच तिला त्यांच्याशी भांडताही येईना. "हो साहेब," ती म्हणाली, आणि मागच्या माणसाला पुढे यायला सांगितलं.

डॉक्टरकाकाचा खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलाने तोच अहवाल काढून दाखवला. माल खराब असल्याचं पोलिसांना माहीत होतं, विक्री त्यांच्याच देखरेखीखाली झाली, मग मृत्यूचा दोष एकट्या माझ्या अशिलाचा कसा? न्यायालयाला ते काही अंशी पटलं. मृत्यूचं कलम गळालं. काका थोड्या वर्षांसाठी आत गेला. बेकरीवाल्या बाईने खात्याविरुद्ध भरपाईचा दावा लावला होता, तो खालच्या कोर्टात फेटाळला गेला. मृताने स्वतःच बेकायदा बाजारातून माल घेतला होता, असं निकालात म्हटलं. तोवर तळघराच्या जागी दोन नवे बाजार उघडले होते. वायरमनने एकदा खिडकीशी येऊन ते सांगितलं. गिऱ्हाईक तेच, विक्रेतेही बरेचसे तेच, फक्त आता तिथे पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की आमचा मालक पोलीस नाही.

"कळलं," ती म्हणाली. तो घुटमळला, मग गेला.

बाईने वरच्या कोर्टात अपील केलं. बेकरी तिने भाड्याने दिली होती आणि एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती. तिच्या वकिलाने साक्षीला बोलावलं की मास्तरीणबाई रजा टाकून जायची. खात्याने कळवलं होतं की हे तिच्या हिताचं नाही. बाबा म्हणाले, "आता पुरे कर, पोरी." नवरा मात्र सकाळी गाडीने सोडायला आला.

कोर्टाच्या बोळात एकच लांब बाक होतं. पहिल्या वेळी ती बाईच्या शेजारी बसायला गेली, तर बाईने पिशवी मध्ये ठेवली.

"तिकडे बसा," बाई म्हणाली. "तुम्ही खरं बोलता म्हणून तुम्हाला बोलावलंय. बाकी आपलं काही नाही."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये इतर खटल्यांची माणसं येऊन बसत होती, उठून जात होती. दुपारी शिपायाने बाहेर येऊन सांगितलं की आज प्रकरण घेणार नाहीत, पुढची तारीख पडली. वकील फाईल बगलेत मारून दुसऱ्या कोर्टाकडे पळाला.

बाई उठली, पिशवी खांद्याला लावली. दाराशी जाऊन थांबली, पण वळली नाही.

"पुढच्या तारखेला येणार ना?"

"येणार."

"उशीर करू नका," बाई म्हणाली, आणि जिना उतरून गेली.